‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी

आपल्या भागात पोटाच्या दुखण्याला बहुतेक वेळा एकच नाव असतं: पित्त. सकाळी छातीत जळजळ झाली, तर पित्त झालं. उन्हातून आल्यावर डोकं ठणकलं आणि हिरवी-पिवळी उलटी झाली, तर पित्त चढलं. अंगावर गांधी उठल्या, तर पित्त उठलं. आणि लग्नाच्या पंगतीत भजी-पुरणपोळी जेवून आलेली काकू रात्री दोन वाजता पोट धरून बसली, तरी घरातलं कोणी तरी म्हणणार, “काही नाही, पित्त झालं असेल. इनो दे.”

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात चार वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं, की चूक शोधता शोधता रात्र जाते. इथेही तेच होतं. जळजळ असते जठरातल्या आम्लाची. डोकेदुखी अनेकदा अर्धशिशीची असते. गांधी उठतात ॲलर्जीने. यातल्या एकाही गोष्टीचा खऱ्या पित्ताशी फारसा संबंध नसतो. ज्या दुखण्याचा पित्ताशी खरोखर संबंध आहे, ते रात्री दोन वाजताचं दुखणं मात्र त्याच नावाखाली झाकलं जातं. ते पित्ताशयातल्या खड्यांचं असू शकतं.

हे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात. त्याचं मोठं कारण त्यांचं खाणं किंवा आळस नाही, तर त्यांच्या शरीरातले दोन हॉर्मोन्स आहेत: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. आपली आई, बहीण, वहिनी, मावशी यांच्यासाठी ही गोष्ट घरातल्या तरुण मंडळींना माहीत असायला हवी, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. इथे लिहिलं आहे ते उपचार म्हणून नाही, तर डॉक्टरांकडे कधी जायचं आणि काय विचारायचं, हे कळावं म्हणून.

पित्ताशय करतं काय?

पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण पाऊण ते एक लिटर. यकृताच्या खाली चिकटलेली, छोट्या पेरूच्या आकाराची एक पिशवी असते. ते पित्ताशय. त्यात मावतं फक्त ३० ते ५० मिलिलिटर. म्हणून ते पित्तातलं पाणी शोषून घेतं आणि पित्त दाट करून साठवतं.

आपण तुपाची पोळी किंवा तळलेलं काही खाल्लं, की ते लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचतं. तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचा एक हॉर्मोन रक्तात सुटतो. त्याचा निरोप मिळाला की पित्ताशय आकुंचन पावतं आणि साठवलेलं पित्त नळीतून आतड्यात ढकलतं. पित्त तेला-तुपाचे बारीक थेंब करतं, भांडी घासायच्या साबणासारखं, आणि मग स्निग्ध पदार्थ पचतात. जेवण नसेल तेव्हा पिशवी पुन्हा भरत राहते.

भरायचं, दाट करायचं, रिकामं करायचं, एवढंच तिचं काम. खड्याची सुरुवात या तीनपैकी कुठे तरी बिघाड झाल्यावर होते.

खडा बनतो कसा?

आपल्याला गोटमार नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर होणारी ती दगडफेक बाहेरच्या लोकांना आपल्या तालुक्याची पहिली ओळख वाटते. तिथला दगड निदान येताना दिसतो. पित्ताशयातला दगड वर्षानुवर्षं न दिसता, न दुखता वाढतो.

पित्तात पाण्याखेरीज तीन मुख्य गोष्टी असतात: पित्तक्षार, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला आपल्यात गुंडाळून विरघळलेल्या अवस्थेत ठेवतात. चहात साखर घालत गेलं, की एका टप्प्यानंतर ती तळाशी बसते. तसंच पित्तात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झालं, की त्याचे बारीक स्फटिक बनू लागतात. पित्ताशयाच्या अस्तरातून सुटणारा चिकट द्रव त्यांना धरून ठेवतो. पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली तर हा गाळ वाहून जातो. ती सुस्त असेल तर तो तिथेच बसतो, त्यावर थर चढतात आणि खडा होतो.

म्हणजे खड्याला दोन गोष्टी लागतात: पित्तात जास्तीचं कोलेस्टेरॉल आणि पित्ताशयाची सुस्ती. (सगळेच खडे कोलेस्टेरॉलचे नसतात. काही काळे-तपकिरी खडे रंगद्रव्याचे असतात. सिकलसेलसारख्या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, तेव्हा ते होतात. सिकलसेल विदर्भात आणि लगतच्या मध्य प्रदेशात बऱ्याच घरांत आहे, म्हणून हेही लक्षात असू द्या.)

मग बायकांनाच जास्त का?

कारण वरच्या दोन गोष्टींपैकी एक इस्ट्रोजेन करतं आणि दुसरी प्रोजेस्टेरॉन.

इस्ट्रोजेन यकृतावर काम करतं. त्याच्या प्रभावाखाली यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. त्याला विरघळवणाऱ्या पित्तक्षारांचं प्रमाण मात्र त्या मानाने वाढत नाही. चहा तेवढाच, साखर वाढली.

प्रोजेस्टेरॉनचं काम वेगळं आहे. ते गुळगुळीत स्नायूंना सैल करतं. गरोदरपणात गर्भाशय वेळेआधी आकुंचन पावू नये, म्हणून शरीराला ते लागतंच. पण पित्ताशयाची भिंतही त्याच प्रकारच्या स्नायूंची असते. तीही सैल पडते. कोलेसिस्टोकायनिनचा निरोप येतो, पण पिशवी पूर्वीसारखी जोरात आवळली जात नाही. पित्त मागे उरतं.

म्हणून वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंतच्या काळात बायकांमध्ये खड्यांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतं. पाळी गेल्यानंतर हा फरक हळूहळू कमी होतो. आपल्या देशातली आकडेवारीही हेच सांगते. काश्मीरमध्ये सोनोग्राफीने केलेली एक पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पुरुषांमध्ये सुमारे ३ टक्के आणि बायकांमध्ये साडेनऊ टक्क्यांच्या आसपास पित्ताशयाचा आजार आढळला होता. गंगाकाठच्या खेड्यांतल्या पुढच्या एका मोठ्या पाहणीत आकडे कमी होते, पण बायका आणि पुरुष यांच्यातली तफावत तशीच होती.

“बायका तेलकट खातात”, “घरात बसून असतात” अशी कारणं सहज सांगितली जातात. मग हे हॉर्मोनमुळेच होतं, याला पुरावा काय? एक चांगला पुरावा पुरुषांकडून मिळाला. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी त्यातल्या काही गटांना इस्ट्रोजेन दिलं होतं. हृदयाला फायदा झाला नाही, पण त्या पुरुषांमध्ये पित्ताशयाचे आजार वाढले. ही माहिती १९७७ साली प्रसिद्ध झाली. पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढवलं तर त्यालाही खडे होतात. दोष बाईच्या सवयींचा नाही.

गरोदरपण आणि बाळंतपण

हे दोन्ही हॉर्मोन सर्वात जास्त वाढतात ते गरोदरपणात. पित्त कोलेस्टेरॉलने भरतं आणि पित्ताशय ढिलं पडतं, दोन्ही एकाच वेळी. शेवटच्या महिन्यांत उपाशीपोटी पित्ताशयाचं आकारमान नेहमीच्या जवळजवळ दुप्पट झालेलं असतं आणि जेवणानंतर मागे उरणारं पित्तही वाढतं. त्यामुळे बऱ्याच गरोदर स्त्रियांच्या पित्ताशयात गाळ दिसतो आणि काहींना खडे होतात. जितकी बाळंतपणं जास्त, तितकी शक्यता जास्त. आपल्या आज्यांना सहा-सात मुलं असत आणि त्यांचं ‘पित्त’ जन्मभर जात नसे. त्यातल्या किती जणींना खडे होते, ते आता कळणार नाही.

चांगली बातमी अशी की बाळंतपणानंतर हॉर्मोन उतरतात, पित्ताशय काही आठवड्यांत पूर्वपदावर येतं आणि बहुतेकींचा गाळ आपोआप निघून जातो. काही छोटे खडेही नाहीसे होतात. पण काहींचे राहतात. आणि ढिलं पडलेलं पित्ताशय पुन्हा जोराने आवळू लागलं, की तेच खडे तोंडाशी अडकून कळा सुरू होऊ शकतात.

नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीला तूप, डिंकाचे लाडू आणि खोबरं भरपूर दिलं जातं. लाडवांमुळे खडे होत नाहीत. पण खडे आधीच असतील, तर तुपाच्या जेवणाने पित्ताशय आवळतं आणि दुखणं उठतं. घरात त्याला ‘बाळंतवारा’ म्हणतात, ओवा देतात, पोट शेकतात. बाळंतिणीला जेवणानंतर वरच्या पोटात तास-तासभर कळा येत असतील, तर ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

आणखी एक. गरोदरपणात सोनोग्राफी होते, म्हणून “तेव्हा सगळं दिसलं असतंच” असं आपण धरून चालतो. ती सोनोग्राफी बाळासाठी असते. पित्ताशय त्यात पाहिलं जाईलच असं नाही. दुखत असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं लागतं, म्हणजे ते वरचं पोटही तपासायला सांगतात. गरोदरपणात अपेंडिक्सखालोखाल पोटाच्या ज्या दुखण्यासाठी ऑपरेशनची वेळ येते, ते पित्ताशयाचंच असतं. गरज पडलीच तर दुर्बिणीतून ऑपरेशन करता येतं आणि त्यासाठी चौथा ते सहावा महिना जास्त सोयीचा मानला जातो.

गोळ्या, पॅच आणि पाळी जाण्याचा काळ

गर्भनिरोधक गोळ्यांत हेच दोन प्रकारचे हॉर्मोन असतात. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-एन’मध्येही. पीसीओएस किंवा अनियमित पाळीसाठी मुलींना ज्या गोळ्या लिहून दिल्या जातात, त्याही बऱ्याचदा याच असतात. त्यांनी खड्यांचा धोका वाढतो का? थोडासा, विशेषतः सुरुवातीच्या काळात. पूर्वीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेनची मात्रा जास्त होती. आताच्या कमी मात्रेच्या गोळ्यांचा धोका त्याहून कमी आहे. नको असलेल्या गरोदरपणाने पित्ताशयावर पडणारा ताण यापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. मात्र खडे आधीच सापडले असतील, तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या हॉर्मोन उपचाराबद्दल जास्त ठाम माहिती आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात ५० ते ७९ वयाच्या २२,५७९ स्त्रियांमध्ये पित्ताशयाच्या आजाराची नोंद ठेवली गेली आणि २००५ साली ती प्रसिद्ध झाली. नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ७८ जणींना पित्ताशयाचा आजार झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये हाच आकडा ४७ होता. धोका वाढतो हे खरं, पण १०,००० मागे ३१ जणी जास्त, हेही तितकंच खरं. दोन्ही आकडे एकत्र पाहिले तरच नीट निर्णय घेता येतो.

२००८ साली ब्रिटनमधल्या ‘मिलियन विमेन स्टडी’तून आणखी एक उपयोगी गोष्ट पुढे आली. इस्ट्रोजेन गोळीऐवजी त्वचेवर लावायच्या पॅच किंवा जेलमधून घेतलं, तर पित्ताशयाचा धोका कमी राहतो. गोळीतलं औषध आतड्यातून आधी थेट यकृतात जातं आणि तिथे त्याचा जोर जास्त लागतो. त्वचेतून गेलेलं औषध रक्तात पसरून मग यकृतात पोहोचतं. आईला हा उपचार सुचवला गेला असेल, तर “पॅच चालेल का?” हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

पुरुषांनी निश्चिंत व्हावं का?

नाही. इस्ट्रोजेन पुरुषांच्या शरीरातही तयार होतं आणि त्याचा एक कारखाना म्हणजे चरबी. चरबीच्या पेशींत एक विकर असतं, ते पुरुषी हॉर्मोनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. शिवाय लठ्ठपणात यकृत मुळातच जास्त कोलेस्टेरॉल बनवतं. खुर्चीत दहा तास बसणाऱ्या, पोट सुटलेल्या आमच्यासारख्यांना याची दखल घ्यावी लागेल. मधुमेह आणि घरातल्या जवळच्या माणसाला झालेले खडे, या गोष्टीही धोका वाढवतात. वय वाढतं तसे पुरुषांमध्येही खडे वाढतात.

आपले उपवास, आपली पंगत

आता थोडं आपल्या घरात डोकावू. शनिवारी-मंगळवारी जामसांवलीला गर्दी असते. सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा, नागपूर, सगळीकडून लोक निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला येतात. दुखणी घेऊन येणारेही पुष्कळ. त्या रांगेतल्या कितीतरी बायका उपाशी असतात. शनिवारच नाही, तर चतुर्थी, एकादशी, सोमवार, हरितालिका असे अनेक उपवास बायकांच्या वाट्याला जास्त येतात. उपवास नसला, तरी सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची सवय असतेच.

पित्ताशयाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पोट बराच वेळ रिकामं राहिलं, की आवळण्याचा निरोप येत नाही. पित्त साचून दाट होतं. हॉर्मोनमुळे ज्यांचं पित्ताशय आधीच सुस्त आहे, त्यांना हा दुसरा धक्का. आणि उपास सुटतो कशावर? साबुदाण्याची खिचडी, तळलेल्या पापड्या, शेंगदाण्याची आमटी. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपारी तीन-चारपर्यंत नैवेद्य, सवाष्णी, पाहुणे, आणि मग स्वयंपाक करणारीच्या पानात पुरणपोळी, तूप, वडे, भजी. भरलेली पिशवी, त्यात खडा, आणि त्यावर एकदम तुपाचं जेवण. त्या रात्रीची कळ ‘दगदगीने झालेलं पित्त’ म्हणून सोडून दिली जाते.

उपवास सोडा, असं मला म्हणायचं नाही. पण मधे दूध, ताक, फळं घेणारा उपवास कोरड्या उपवासापेक्षा बरा. सोडताना थोडं आणि साधं खाल्लेलं बरं. आणि सणाच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बाईला बाराच्या आत दोन घास खायला लावणं, हे घरातल्या मुलांचंही काम आहे.

झटपट वजन उतरवण्याच्या नादातही खडे होतात. चरबी वेगाने वितळते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल टाकतं आणि खाणं कमी झाल्याने पित्ताशय आवळत नाही. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरवणं यासाठी धोक्याचं मानलं जातं. लग्नाआधी महिनाभर नुसत्या पाण्यावर आणि सॅलडवर राहणाऱ्या बहिणीला हे जरूर सांगा.

दुखणं ओळखायचं कसं?

खड्याची कळ बरगड्यांखाली उजवीकडे किंवा छातीखालच्या खळगीत येते. ती पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे, किंवा उजव्या खांद्यात जाते. जड जेवणानंतर किंवा मध्यरात्री सुरू होते. अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत टिकते. कूस बदलून, ढेकर देऊन किंवा ॲसिडिटीची गोळी घेऊन जात नाही, आणि मग आपली आपण ओसरते. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा कामाला लागते आणि सगळे विसरतात. पुढच्या महिन्यात ती परत येते.

कळ सहा तासांच्या वर गेली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद किंवा शौच पांढुरका झाला, उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. खडा मुख्य पित्तनळीत अडकला की कावीळ होते. त्याने स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकतं. आणि छातीखालचं दुखणं हृदयाचंही असू शकतं, बायकांमध्येसुद्धा. म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला घाम, धाप किंवा दडपण असेल तर ईसीजी आधी.

तपासणी सोपी आहे: सहा-आठ तास उपाशी राहून पोटाची सोनोग्राफी. उपाशी यासाठी, की पिशवी भरलेली असेल तर खडा स्पष्ट दिसतो. साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक खडे दिसत नाहीत. एंडोस्कोपीत जठर दिसतं, पित्ताशय नाही. त्यामुळे “दुर्बीण घातली, काही निघालं नाही” याचा अर्थ खडे नाहीत असा होत नाही.

कुळीथ, लिंबू आणि ऑलिव्ह तेल

मुतखडा आणि पित्ताचा खडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुतखड्यात भरपूर पाणी पिऊन छोटा खडा लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशय लघवीच्या रस्त्यावर नाहीच. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं किंवा दिवसाला पाच लिटर पाणी पित्ताच्या खड्याला पाडू शकत नाही. आणि तो ‘पडावा’ अशी इच्छाही धरू नये. पित्ताशयातून निसटलेला खडा नळीत अडकतो, तिथेच खरा धोका सुरू होतो.

मोबाइलवर फिरणारा दुसरा उपाय म्हणजे ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘लिव्हर साफ’ करणं. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवे मऊ गोळे पडतात आणि लोक फोटो पाठवतात. अशा गोळ्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा ते खडे नसून त्याच तेलापासून पोटात तयार झालेले साबणासारखे गोळे निघाले.

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याची संत्री जरूर खा. फळं, भाज्या, डाळी, नियमित चालणं आणि वेळेवर जेवण यांनी खडे होण्याची शक्यता कमी होते. पण झालेला खडा संत्र्याने विरघळत नाही. काही निवडक छोट्या कोलेस्टेरॉल खड्यांसाठी डॉक्टर गोळ्या देतात. त्यांना कित्येक महिने लागतात आणि बंद केल्यावर बऱ्याच जणांचे खडे पुन्हा होतात.

ऑपरेशन कोणाला?

खडे आहेत पण कधीच दुखलं नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडा दिसला, म्हणून घाबरून लगेच टेबलावर जाऊ नये. खडा फार मोठा असेल, पित्ताशयाची भिंत बदललेली असेल, तर डॉक्टर वेगळा सल्ला देतात. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर आणि ईशान्य भारतात जास्त आढळतो, त्यातही बायकांमध्ये. तो झालेल्या बहुतेकींना खडेही असतात. याचा उलटा अर्थ मात्र काढू नये, कारण खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग कधीच होत नाही.

एकदा खड्याची खरी कळ येऊन गेली, की ती परत येण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा पित्ताशय काढणं हाच टिकाऊ उपाय. पहिलं असं ऑपरेशन १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केलं. शंभर वर्षं ते पोटावर मोठा छेद घेऊन होत असे आणि आपल्या आज्या-मावश्या त्याच भीतीने दुखणं लपवत. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी केली. आता साधारण चार छोटे छेद, एक-दोन दिवस रुग्णालयात आणि आठवडा-दोन आठवड्यांत घरची कामं. आयुष्मान कार्ड असेल, तर योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आधी चौकशी करा. आपल्याकडची माणसं अशा कामासाठी नागपूर गाठतात. जाण्याआधी तिथे कार्ड चालतं का, हे फोनवर विचारून घेतलं की हेलपाटा वाचतो.

पित्ताशय काढल्यावर पचन बंद पडत नाही. यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त ते साठण्याऐवजी थेंबथेंब थेट आतड्यात जातं. सुरुवातीला काहींना पातळ शौच होतं. पुढे बहुतेक जण नेहमीसारखं जेवतात, पुरणपोळीसुद्धा.

विचारायचं कोणी?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास पित्ताशयाचा नव्हता. पण आपल्याच विदर्भातल्या बायका किती दुखणं न सांगता वागवतात, हे त्याने जगाला दाखवलं. पोटाच्या कळेचं वेगळं काही नाही. “एवढ्याशा पित्तासाठी कोण नागपूरला जातं?” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. म्हणणारी बाई तीन-तीन तास भिंतीला टेकून बसलेली असते.

म्हणून सुरुवात आपण करायची. आईला “बरं वाटतंय का?” विचारलं तर ती “हो” म्हणणार. त्यापेक्षा नेमकं विचारा: दुखतं ते कुठे? पाठीत जातं का? जेवल्यावर किती वेळाने? किती वेळ राहतं? गोळीने थांबतं का? आधी कधी झालं होतं, बाळंतपणानंतर का? हे सगळं मोबाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा. तीन-चार नोंदी झाल्या की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

जामसांवलीला जाणं थांबवायची गरज नाही. दर्शन घ्या, नवस बोला. फक्त नवस बोलताना सोनोग्राफीची तारीखही ठरवून टाका, आणि त्या दिवशी आईबरोबर स्वतः जा.